बुडणाऱ्या मुलीचे संवाद

शोकांतिकेत कथानक मोठं की भाषा, हा प्रश्न जगात इतरत्र अजून सुटलेला नाही. आंधळगावच्या पलीकडल्या एका गावात नाट्य मंडळाने तो चहा निवायच्या आत सोडवला.

परसराम गुरुजींनी मंडईसाठी (दिवाळीनंतरची गावजत्रा) नाटक लिहिलं होतं. धानाच्या शेवटच्या पाण्यावरून दोन भावांचं भांडण. एक भाऊ हट्टाने आपल्या मुलीला तुडूम (तलावातून शेतात पाणी सोडायचं तोंड) उघडायला पाठवतो. ती बूच काढायला पाण्यात उतरते आणि बुडते. शेवटी बापाला कळतं, तिला पाण्याने नव्हे, आपल्या हट्टाने बुडवलं.

गावात असे भाऊ होतेच, हेमराज आणि मारोतराव. हेमराजची मुलगी उर्वशी गुरुजींकडे गणितं सोडवायला यायची ती तुडुमावरून, ओल्या फ्रॉकने. त्या दोघांनी हे नाटक एकदा नीट पाहावं, एवढंच गुरुजींना हवं होतं.

मंडळाचे अध्यक्ष टेकचंद यांनी वाचून मान डोलावली. “पोरगी मरते, हे बेस हाये गुरुजी. पण मरताना बोलत काहून नाही?”

“अरे, ते पाण्याखाली हाये.”

“मंग का झालं? माइक देऊन टाकू.”

गुरुजींचा जन्म मुलांना शिकवण्यात गेल्यामुळे ते रागावले नाहीत. पाण्याखाली बोलता येत नाही, हे त्यांनी सावकाश समजावलं. मंडळाला पटलं. पाणी घोट्यापर्यंत आणण्यात आलं. घोटाभर पाण्यात कोणी बुडत नाही, सबब बुडणं रद्द झालं. (मरण कायम राहिलं, भोंग्यावर तशी जाहिरात झाली होती.) संवाद आठ पानी झाला. त्यात चंद्र दोनदा आला, आई अकरा वेळा. मग वेळ पुरेना.

“बापाले कळनं पडद्यामागं होऊन जाइन,” टेकचंद म्हणाले.

नाटक तुफान गाजलं. हेमराज आणि मारोतराव पहिल्या रांगेत एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. गुरुजींना वाटलं, शिकले!

सकाळी हेमराज पाया पडायला आला. “का भाषा होती गुरुजी! अजून डोळे सुजून हायेत.”

“उर्वशी कुठं हाये?”

“तुडुमावर धाडलं ना. मारोत्या उठाच्या आंधी पानी घ्या लागते.”

गुरुजी अनवाणीच तलावाकडे धावले.

पुढं काय झालं, ते जागेअभावी वगळलं आहे. वाचकांची हरकत नसावी. इथवर आपण हसत आलात, ते काही त्या मुलीच्या काळजीने नव्हे.