वाळवंटाला जाणारा चौरंग

प्रवासाचे दोन भाग असतात. पूर्वतयारी आणि जाणे. यांपैकी जाणे कोणालाही जमते. वऱ्हाडे जातात, मेंढरे जातात, बदली झालेला तलाठी भांड्याकुंड्यांसकट जातो. पूर्वतयारीला मात्र जातीचा माणूस लागतो, आणि तो माणूस सुदैवाने कर्जतमध्येच राहत होता.

विमा सल्लागार देवव्रत यांनी चारही चाकांना जोर देणारी एक दणकट गाडी घेतली, ती वडिलांसाठी, म्हणजे तात्यांसाठी. तात्यांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी फळ्यावर काढायची आणि तिच्याखाली ‘बारखाण’ असे लिहायचे, हे त्यांनी इतक्या वेळा केले होते की खडू आपसूक वळत असे. खुद्द टेकडी मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. “एकदा तिच्यावर उभं राहायचंय,” ते मुलाला म्हणाले. “गुडघे आहेत तोवर ने.”

देवव्रतला गहिवरून आले. (माणूस गहिवरला की खरेदी करतो, हे बाजाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.) तो थेट शिळफाट्याला गेला. तिथे झहीरशेठचे गाड्यांच्या साजशृंगाराचे दुकान आहे. झहीरशेठने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सुस्कारा सोडला.

“देवव्रतशेठ, वाळवंटात कायच भेटत नाय. जे लागंल ते हितूनच न्यायचं.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. वाळवंटात काहीच मिळत नसेल, तर सर्व काही न्यावे लागणार हे उघड आहे.

प्रथम इंजिनाला पाण्यातही श्वास घेता यावा म्हणून बॉनेटच्या कडेने एक उंच नळी बसवण्यात आली. तात्यांनी, जित्याजागत्या भूगोलाच्या अधिकाराने, वाळवंटात पाणी कुठले, अशी शंका काढली. “पूर येणार नाही असं लेखी कोण देतंय?” देवव्रतने विचारले. विम्याच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढी दक्षता शोभून दिसते.

त्यानंतरचे सर्व निर्णय एकातून एक निघाले. पिण्याच्या पाण्याची टाकी आली. पाणी गार हवे म्हणून फ्रिज आला. फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, बॅटरीसाठी टपावर सौर पट्टी, आणि टपावर चढतोच आहोत तर शेजारी घडीचा तंबू. या वजनाने गाडी मागून बसली, म्हणून जाड कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, घालून तिला उचलण्यात आले. ती इतकी उचलली गेली की तात्यांना पायरीवर पाय टाकता येईना. त्यासाठी घरातला चौरंग न्यायचे ठरले. चौरंगाला गाडीत जागा नव्हती. सबब मागचे आसन काढण्यात आले.

“मग तात्या कुठं बसणार?” देवव्रतची बायको पद्मजा हिने विचारले. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला असले प्रश्न सुचतात.

“टपावर. तंबूत.”

“आणि चौरंग?”

“आत.”

तात्यांनी चष्मा पुसला आणि पेपर उघडला.

वाळूत गाडी चालवण्याचा सराव आवश्यक होता. कर्जत-खालापूर पट्ट्यात चिखलाचे प्रमाण समाधानकारक असले, तरी वाळू दुर्मीळ आहे; जी येते ती थेट बांधकामावर जाते. म्हणून देवव्रतने नेरळला एका इमारतीच्या आवारात, बिल्डरच्या परवानगीने, वाळूच्या ढिगावर गाडी घातली. गाडी नळीपर्यंत रुतली. जेसीबीने ती ओढून काढताना रखवालदार हिरामण म्हणाला, “सायेब, ही वाळू नाय. खडी दळून केलेली हाय.” देवव्रतने ही बाब विचारात घेऊन आणखी रुंद टायर मागवले.

आता आपल्याकडे एक चांगली पद्धत आहे. माणसाने काही केल्यावर त्याचा सत्कार करणे धोक्याचे असते. न जाणो, त्याने ते वाईट केलेले असायचे. म्हणून ठरवल्याबरोबर सत्कार उरकतात. शिळफाट्यावर फ्लेक्स लागला: ‘वाळवंट मोहिमेस हार्दिक शुभेच्छा’. मधोमध देवव्रत, भोवती शुभेच्छुक, आणि तळाशी उंट. (उंटाचे तोंड एका शुभेच्छुकाच्या नावाखाली आले होते, पण त्यांनी तक्रार केली नाही.) शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, भाषणात ‘खडतर प्रवास’ हे शब्द आले. एवढे झाल्यावर प्रत्यक्ष जाणे म्हणजे संयोजकांवर अविश्वास दाखवणे होते.

मग व्याख्याने सुरू झाली. ‘वाळवंट आणि आपण’ या विषयावर रसायनीपासून खालापूरपर्यंत देवव्रतला बोलावणी येऊ लागली. दर दसऱ्याला गाडीची पूजा होई, आणि तिला हार घालण्यासाठी त्याच चौरंगावर चढावे लागे. असे तीन दसरे गेले. दरम्यान तात्यांचा डावा गुडघा मोहिमेतून बाहेर पडला. उजवा अजून तग धरून होता, पण तात्या आता ‘ने’ म्हणत नसत. नुसते अंगणात जाऊन गाडीकडे बघत आणि परत येत.

दिवाळीच्या सुट्टीत पद्मजाने रेल्वेची दोन तिकिटे काढली. देवव्रतला येता आले नाही. खालापूरच्या व्याख्यानाची तयारी चालू होती. सासरा आणि सून जैसलमेरला गेले. तिथून पुढे भाड्याची टॅक्सी केली, एवढीशी, दार दोरीने बांधलेली.

परत आले तेव्हा तात्यांच्या बुटांतून वाळू सांडत होती. “उतार मी उलटा काढत आलो रे,” ते देवव्रतला म्हणाले. “मंद उताराची बाजू वाऱ्याकडं असते. पोरांना सगळी वर्षं चुकीचं शिकवलं.” हे सांगताना ते इतके खुशीत होते की पद्मजाला रडू आले.

देवव्रतने चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन चोळली. त्याचा चेहरा गंभीर झाला. “फारच बारीक आहे,” तो म्हणाला. “टायर बदलावे लागणार.”

खालापूरच्या व्याख्यानाला सभागृह खच्चून भरले होते. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेत तात्या सुनेच्या खांद्याला धरून उभे राहिले.

“ज्यांच्या घरी लांबच्या प्रवासाची गाडी, तंबू, बूट किंवा सॅक आहे, त्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले.

“आता ज्यांनी ते वापरलंय, त्यांनीच वर ठेवा.”

सभागृहात हात खाली येण्याचा एक मोठा, मऊ आवाज झाला. अध्यक्षांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरे आवरती घेतली आणि तात्यांना बसायला सांगितले.

तुम्हीही होतात तिथे, तिसऱ्या रांगेत. हात तुम्हीच सर्वांत आधी खाली घेतलात. कपाटावरच्या त्या सॅकची किमतीची चिठ्ठी अजून तुम्ही काढलेली नाही, आणि तुमच्या घरचे तात्याही हल्ली काही विचारत नाहीत.