ठेंगण्या तुतीचा पहिला नंबर

एका जंगलात, बाळांनो, इतकी झाडं होती की तिथल्या प्राण्यांना अंगणात झाडं लावायचा छंद लागला. हसू नका. तुमच्या गच्चीत काय काय आहे ते मला ठाऊक आहे.

त्या जंगलात उदाजी नावाचं एक उदमांजर राहायचं. स्वभावाने सरळ, शेपटी कायम विंचरलेली, आणि आईवर भारी जीव. आई थकली होती. गुडघे गेले होते, दात तर केव्हाच गेले होते. पेरू चावत नसे, बोराचं नाव काढायची सोय नव्हती. एकच फळ तिला खाता यायचं, ते म्हणजे तुती. ओठांत धरली की विरघळली.

ओढ्याकाठी तुतीचं एक जुनं थोराड झाड होतं. उदाजी त्याच्यावर सरसर चढायचा आणि पानाचा द्रोण भरून आईसाठी तुती आणायचा. अशी कित्येक वर्षं सुखाने गेली. सुखात राहिलं की शहाण्यांना काहीतरी सुचतंच.

जंगलात ठेंगण्या तुतीची टूम निघाली. कुंडीतली तुती, कमरेएवढी तुती, पायरीवर ठेवायची तुती. लगोलग 'ठेंगणी तुती संवर्धक मंडळ' निघालं आणि उदाजी सभासद झाला. मंडळाचा पहिलाच नियम असा होता की सभासदाने जंगली झाडावर चढू नये. बरं दिसत नाही.

"आई, आता झाडच घरी आणतो," उदाजी म्हणाला. "बसल्या जागी हात लांबव आणि खा."

म्हातारीचे डोळे भरून आले. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं ती भेटेल त्याला सांगायला लागली.

रोपवाटिका तरसाची होती. तरस सारखाच हसायचा, त्यामुळे तो गिऱ्हाइकाला हसतोय की उगाच हसतोय, हे कुणाला कळत नसे.

"ठेंगणी तुती हवी," उदाजी म्हणाला. "आईचा हात पोचेल अशी."

"कुंडीत लावणार की जमिनीत?"

"कुंडीत."

"फळ लांब की आखूड? काळं की पांढरं? पान अखंड की कातरलेलं?"

उदाजी विचार करायला घरी गेला. परत आला, परत गेला. असं करता करता उन्हाळा सरला आणि पावसाळाही सरला. द्रोण तर बंदच झाला होता. म्हातारी नाचणीच्या पेजेवर दिवस काढत होती.

"अरे, ओढ्याकाठची एक फांदी तोड आणि मातीत खोच," ती म्हणाली. "तुती कुठेही जीव धरते. ऊन दे, पाणी दे. फळ संपलं की छाट, नव्या फुटीला पुन्हा फळ येतं. त्यात एवढं काय आहे?"

"ती थोराड जात, आई. छपरावर जाईल."

"छाटलीस तर कशाला जाईल?"

उदाजीने मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. जुन्या माणसांना जातिवंत रोपातलं काय कळणार! (उदमांजरांना माणसं म्हटलं म्हणून कुणी हात वर करू नका. गोष्ट ऐका.)

शेवटी रोप आलं. काळ्या, आखूड फळाचं, कातरलेल्या पानाचं, आणि मुख्य म्हणजे अस्सल ठेंगणं. दर रविवारी मंडळाची माणसं दोरी घेऊन उंची मोजायला येत. जंगलात रविवार कुठून आला? अहो, रविवार सगळीकडे पोचलाय. ज्याचं झाड बुटकं त्याची मान उंच, असा तिथला हिशेब होता. म्हणून शनिवारी उदाजी कात्री घेऊन बसायचा आणि दिसेल ती फूट खुडून टाकायचा.

"फूट खुडलीस की फळ खुडलंस, उदू," आई म्हणायची.

"आधी मापात बसू दे. मग फळाचं बघू."

दोन वर्षं झाड मापात बसलं. वांग्याच्या रोपाएवढंच राहिलं. म्हातारी रोज बसल्या जागी हात लांबवायची, पानांतून चाचपायची आणि हात मागे घ्यायची.

मग उदाजी तापाने आडवा झाला. महिनाभर कात्री खुंटीवर राहिली, आणि ताप लागेल म्हणून मंडळही फिरकलं नाही. उठून बघतो तर झाड चांगलं वीतभर वर गेलेलं! त्याला दरदरून घाम फुटला. कात्री घेऊन तो धावला, तशी म्हातारीने त्याचा हात धरला.

"थांब. नीट बघ."

नव्या फुटींना सात तुत्या लागल्या होत्या. अजून लालच होत्या. म्हातारीने त्या कितीदा मोजल्या होत्या, देव जाणे.

"पाच दिवस थांब," ती म्हणाली. "काळ्या होऊ देत."

पाचव्या दिवशी मंडळाचं प्रदर्शन होतं. उदाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळेच सभासद फूट खुडत होते, तेव्हा फळ कुणाच्याच झाडाला नसणार. त्याने झाडाला बारीक जाळी बांधली. पाखरं येतील म्हणून, असं तो म्हणाला. घरात पाखरं नव्हती, आई होती.

"प्रदर्शन झालं की साती तुझ्याच," त्याने शब्द दिला. आणि ते तो अगदी मनापासून बोलला, हे मी तुम्हाला सांगून ठेवतो.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून अस्वल होतं. बिनफळाच्या शंभर कुंड्या बघून ते कंटाळलं होतं. उदाजीच्या कुंडीपाशी मात्र त्याचं नाक हललं.

"चव बघितल्याशिवाय गुण कसे देणार?" अस्वल म्हणालं आणि एक तुती तोंडात टाकली. "एकीवरून अंदाज येत नाही." दुसरी गेली. मग तिसरी, चौथी, करता करता सहावी. न्यायाचं काम असं घाईने करून चालत नाही.

एकच उरली. दारात बसलेली आई उदाजीला दिसायला लागली.

"साहेब, तेवढी एक आईसाठी..."

अस्वलाने बोटं चाटली. "पहिला नंबर हवा की दुसरा?"

उदाजीने कुंडीकडे बघितलं. मग दोरी घेऊन उभ्या असलेल्या मंडळाकडे बघितलं. त्याला खूप वाईट वाटलं. खरंच वाटलं.

"घ्या ना साहेब," तो म्हणाला. "तिला काय, पुढच्या वर्षी."

उदाजीचा पहिला नंबर आला. तो धावतच घरी गेला. म्हातारी तोंड धुऊन, पदर सावरून दारात बसली होती. त्याने प्रमाणपत्र तिच्या मांडीवर ठेवलं. खाली अस्वलाने सहीऐवजी अंगठा उठवला होता, जांभळा आणि अजून ओला.

म्हातारीने कागद नाकापाशी नेला, हुंगला आणि अंगठा हळूच चाटला.

"गोड आहे रे," ती म्हणाली.

"आई, अगं सही पुसली," उदाजी म्हणाला आणि त्याने कागद ओढून घेतला.

तात्पर्य: घरच्या झाडाचं फळ आईला दिलं तर नुसतं तिचं पोट भरतं, परीक्षकाला दिलं तर भिंत भरते. म्हणून बाळांनो, झाड कुठलंही लावा, पण प्रमाणपत्राला काच आधी बसवून घ्या. घरात म्हातारी माणसं असतात.