डावी मोटर, उजवी मोटर

"हे मोटर डावी हाय का उजवी?"

देवरावकाकांनी असं विचारल्यावर नागपूरच्या दुकानदाराने आधी मोटरकडे, मग काकांच्या धोतराकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या वायरींची वेटोळी न्याहाळत राहिलो.

देवरावकाका नालवाडीतले माझे शेजारी. भाजीपाला पिकवणारं घर. आमच्यात एक कुंपण आहे आणि त्यावरून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या इकडे येतात, काकांचे प्रश्नही येतात. गेल्या उन्हाळ्यात असाच एक आला. "सुधीर, तू हापिसात कॉम्प्युटरवर बसतो ना? मंग सांग, स्टेपर घेऊ का सर्वो?"

मी ऑफिसात पत्रं टाइप करतो. मला वाटलं, काकूंची तब्येत बिघडली आणि ही गोळ्यांची नावं आहेत.

काका घरच्या घरी सीएनसी राउटर बांधत होते. म्हणजे एक लोखंडी चौकट, तिच्यावर मागेपुढे सरकणारा आडवा पूल आणि पुलावर गरगरणारं पातं. कॉम्प्युटरमध्ये चित्र घातलं की पातं ते लाकडात कापून काढतं. पूल ओढायला दोन बाजूंना दोन मोटरी लागतात, आणि स्टेपर, सर्वो ही त्या मोटरींच्या जातींची नावं. हे सगळं काका मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ पाहून शिकले होते, आणि मला समजावताना स्वतःच गोंधळत होते.

कापायची होती बैलजोडी. काकांच्या मुलाने ट्रॅक्टर घेतला आणि चांद्या-बाशिंग्या हे घरचे बैल समुद्रपूरकडच्या कुणा शेतकऱ्याला विकले गेले. त्या वर्षीच्या पोळ्याला गोठा रिकामा होता. पुरणाचं ताट तसंच ठेवून काका उठून गेले. यंदा पोळ्याच्या आत गोठ्यात जोडी उभी राहिलीच पाहिजे, मग ती लाकडाची का असेना, असा त्यांचा हट्ट होता.

"सुताराकडून करून घ्या ना," मी म्हणालो.

"सुतार त्याच्या मनातला बैल करते. मले माहे बैल पाह्यजे. फोटो हाय माह्याजवळ."



मोटरीच्या बाबतीत काकांनी गावात कुणाला सोडलं नाही. विहिरीचा पंप दुरुस्त करणाऱ्याने सर्वो घ्या म्हणून सांगितलं, कारण त्याला ते नाव आवडलं. एसटीच्या कंडक्टरने स्टेपर सांगितली, त्याने कारणही दिलं नाही. काका सगळ्यांचं ऐकत आणि डोकं धरून बसत. "डोस्कं भणाणलं ना बाप्पा!" काकू आतून म्हणत, "माह्याशी लगन तं याईनं एका चहात ठरवलं होतं. अन मोटरीले अख्खा उन्हाळा!"

शेवटी स्टेपरवर गाडी आली आणि आम्ही नागपूर गाठलं. काकांनी एकेक मोटर बाजारात बैल पाहावा तशी पाहिली. पाठीवर थाप मारली, दांडा बोटांनी फिरवला, "जरा चालवून दाखव" म्हणाले. मग एक चांगली दणकट मोटर उजवीकडे आणि एक हलकी डावीकडे, अशी जोडी जमवली. बैल ज्या बाजूचा असतो त्याच बाजूला जुंपायचा, आणि जोरदार बैल उजवीकडे, हा काकांचा नेम. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर तोवर मला काहीही पटलं असतं.

घरी येऊन मोटरी बसवल्या आणि यंत्र सुरू केलं. उजवी बाजू सुसाट निघाली, डावी मागे राहिली, पूल तिरपा होऊन अडकला आणि यंत्र रेड्यासारखं रेकायला लागलं. काकू झाडू घेऊन बाहेर आल्या.

मी इंटरनेटवर बरंच वाचलं. त्यातलं एवढंच कळलं, की दोन्ही मोटरी सारख्या हव्यात. "काका, हलकी काढू. तिथं दुसरी दणकट लावू."

काकांनी त्या हलक्या मोटरीवर हात ठेवला.

"तिले नोको काढू, सुधीर. चांद्या पायानं अधू होता. बाशिंग्या त्याच्या वाटचं बी ओढे. लोकं म्हणत, चांद्याले काढून टाक. म्या नाई काढलं." त्यांनी मोटरीवरची धूळ पुसली. "अन मंग दोघाईले एकदमच काढलं."

मला फार वाईट वाटलं. पोळाही जवळ येत होता. मी म्हणालो, "मग दणकट काढू. दोन्ही हलक्याच लावू. काम हळू होईल."

"हळू तं हळू. चांद्या बी हळूच चाले."

दुसरी हलकी आली. पूल सरळ चालू लागला, पण कीर्तनाला निघालेल्या म्हातारीच्या चालीने. काका शेजारी बसून जिभेने टकटक करत त्याला हाकत. "चाल बाप्पा, चाल." एकेक फळी कापायची, चिकटवायची, घासायची. बाशिंग्याचा एक कान पात्याने खाल्ला, पण फोटोतला डौल तसाच उतरला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. त्या संध्याकाळी मी गोठ्यात डोकावलो. दावणीपाशी गुडघ्याएवढी लाकडी जोडी उभी होती. काका चांद्याच्या खांद्याला तूप चोळत होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते त्याच्या कानाशी म्हणाले.

मला पाहून ते लाजतील असं वाटलं होतं. ते लाजले नाहीत. तुपाचा हात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "सुधीर, तिकडं समुद्रपूरले त्याईले कोणी आवतन देल्लं असन का रे?"

मी खाली बसलो, वाटीतलं तूप बोटांवर घेतलं आणि बाशिंग्याच्या खांद्याला चोळायला लागलो.