उसनं लेकरू

"वजन केल्याबिगर पाकीट मिळायचं न्हाई, आजी," अंगणवाडीच्या वर्षाताईंनी उंबऱ्यातूनच सांगितलं आणि धुरपदाबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी परातीत आपटली.

"कांद्याच्या पिशव्या तोलत्यात ताई, लेकरं न्हाईत. माझ्या सार्थकला काट्यावर घातला तर अख्ख्या गावाची दृष्ट एका दमात लागंल."

"मग नाव कमी करते."

नाव कमी होण्याची धुरपदाबाईंना फिकीर नव्हती. फिकीर पाकिटांची होती. त्यातली सुकडी गोठ्यातली म्हैस चवीनं खायची आणि धारेला शहाण्यासारखी उभी राहायची. नातवाला कशाला असलं गोरगरिबाचं खाणं? त्याला दुकानातली क्रीमची बिस्किटं होती, चहात बुडवून. मालक हौसराव एके काळी सोसायटीचे चेअरमन होते. आता भाजीपाल्याबरोबर त्यांच्या रानात पत्र्याच्या खोल्याही पिकत होत्या, कारण शिक्रापूरच्या कंपन्यांतली माणसं कुठंतरी झोपणारच.

त्यातल्याच एका खोलीत दौंडकडचा जालिंदर राहायचा. गोदामात हमाली करायचा. बायको शितल, आणि पोरगी राजनंदिनी. नाव इतकं भारदस्त, की पोरीला ते उचलवत नसावं. वयानं सार्थकएवढीच, अंगानं चिपाडासारखी. तिला पाकीट मिळायचं नाही, कारण तिचं नाव अजून गावाकडच्या अंगणवाडीत होतं. नाव तिकडं, पोट इकडं. आणि सरकार जेवू घालायचं ते नावाला.

"शितल, तुझी पोरगी घडीभर दे," धुरपदाबाईंनी हाक मारली.

"कशाला, काकू?"

"विहिरीचं पाणी शेंदायला! अगं, वजनाला. सार्थक म्हणून नेते."

"आन् हिला दृष्ट लागली तर?"

"हिला? लागण्याजोगं हाय तरी काय तिच्यात?"

खोली काकूंची, नळ काकूंचा. शितलनं पोरगी दिली.

वर्षाताई गावात नव्या होत्या, दोन अंगणवाड्या एकट्या ओढायच्या. सार्थकच्या शर्टचड्डीत आलेलं लेकरू त्यांनी सार्थक म्हणूनच काट्यावर ठेवलं. "चड्डी काढायची न्हाई हां, थंडी बाधती त्याला," धुरपदाबाईंनी बजावलं. भर चैत्रात. काटा थांबला आणि ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला.

"आजी, बाळ लालमध्ये आहे. तीव्र कुपोषित."

धुरपदाबाईंनी वजनाचा विचार केला होता. वजन किती भरेल, याचा केला नव्हता. संध्याकाळी गिरणीवर बयाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "व्हय गं, चेअरमनच्या घरात लेकरू उपाशी हाय म्हनं?"

आता दोनच वाटा होत्या. म्हशीच्या सुकडीपायी भाडेकरणीची पोर काट्यावर घातली, हे गावाला सांगायचं. नाहीतर पोर लठ्ठ करायची. धुरपदाबाईंना दुसरं सोपं वाटलं.

झालं, राजनंदिनीचं नशीब उघडलं. लालमधलं बाळ तपासायला नर्सबाई कवाही येतील म्हणून ती दिवसभर काकूंच्याच घरात. सकाळी अंडं, दुपारी तूप घालून मऊ भात, मग केळं, मग शेंगदाण्याचा कूट घातलेली खीर. धुरपदाबाई स्वतः मांडीवर घेऊन भरवत. "गिळ! माझी अब्रू हाय तुझ्या पोटात," म्हणून एकेक घास आत लोटत. पोर हसत हसत ती अब्रू खायची.

आणि खरा सार्थक? एका घरात दोन सार्थक दिसून कसं चालेल? दारात गाडी वाजली की सून समृद्धी त्याला घेऊन धान्याच्या खोलीत बसायची. तो रडू नये म्हणून हातात बिस्किटाचा पुडा. नर्सबाई चिवट निघाल्या, तासतासभर बसायच्या, तेव्हा पुड्यावर पुडा.

"आत्या, ह्याचे दंड बघा की. काड्या झाल्यात."

"तूच लाव दृष्ट माझ्या नातवाला! अंगकाठी हाय ती. आजोबावर गेलाय."

आजोबांचं पोट दारातून आजोबांच्या आधी आत यायचं.

"मग त्या पोरीच्यातलीच वाईच खीर ह्याला घालू का?"

"कुपोषिताचं खानं ह्याला?" धुरपदाबाई कडाडल्या. "आपल्या घरात कोण कुपोषित हाय?"

दिवाळीपर्यंत राजनंदिनीचे गाल पावासारखे फुगले. लालमधून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. वर्षाताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी ते वर कळवलं, वरच्यांनी त्याच्या वर कळवलं, आणि शिरूरला कार्यक्रम ठरला. साहेबांच्या हस्ते आजीचा सत्कार, आणि सगळ्यांसमोर बाळाचं वजन. असल्या साहेबांना लेकरं आवडतात ती फोटोत.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी धुरपदाबाई पोरीला न्यायला गेल्या, तर खोलीला कुलूप. जालिंदरच्या ठेकेदारानं रातोरात त्याला दौंडला हलवलं होतं, आणि अब्रूसकट पोरगी टेम्पोत बसून निघून गेली होती.

"आता वं, आत्या?" समृद्धीनं विचारलं.

"आता काय? तिच्यावाचून अडलंय व्हय? खरा सार्थक हाय की आपला! मुळातच गुटगुटीत. काढ त्याचा कोट."

कोटावर स्वेटर, स्वेटरवर टोपी, गालावर काजळाची तीट. असा बांधलेला सार्थक शिरूरच्या हॉलमध्ये आला, तेव्हा वर्षाताईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि आजींना बाजूला ओढलं.

"आजी," त्या कुजबुजल्या, "हा कोण?"

"सार्थक. वाढत्या अंगात चेहरा बदलतो, ताई."

"नाकसुद्धा?"

"वरडा मग. साहेब समोरच बसल्यात. मी सांगते माझं, तुम्ही सांगा इतके महिने कुणाला तोललंत ते."

ताईंनी सत्काराला आजींचं नाव पुकारलं. सत्कार झाला, शाल पडली, टाळ्या पडल्या. साहेब माईकवर म्हणाले, "ह्या आजीकडून प्रत्येक सासूनं शिकावं!" धुरपदाबाईंनी पहिल्या रांगेतल्या बयाबाईकडं अशी नजर टाकली, की ती गिरणीपर्यंत पोहोचावी.

"आता बाळाला घ्या काट्यावर. कपडे काढून, हां, नियमाप्रमाणे."

कोट निघाला, स्वेटर निघाला, टोपी निघाली. जसजसे कपडे निघत गेले, तसतसा सार्थकही कमी होत गेला. शेवटी काट्यावर उरलं ते चिपाड. मागच्या फलकावर राजनंदिनीचा चैत्रातला फोटो होता, वर मोठ्या अक्षरात 'आधी'. नाक सोडलं तर त्या फोटोत आणि काट्यावरच्या लेकरात काडीचा फरक नव्हता.

वर्षाताईंनी काटा वाचला. "लाल."

"काटा नासलाय तुमचा!" धुरपदाबाई गरजल्या.

साहेबांनी बयाबाईच्या मांडीवरचा नातू चढवून बघितला. काटा ठणठणीत होता, नातूही.

"पण हे उलटं झालं कसं?" साहेबांनी विचारलं. तेव्हा इतके महिने धान्याच्या खोलीत बसलेली समृद्धी पदर सावरत पुढं आली. माईक चालू होता.

"काटा बरोबर हाय, साहेब. ते लेकरू दुसरं व्हतं. त्याला आत्यांनी भरवलं. आन् ह्याला गप बसवलं."

हॉलमध्ये आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग ते मागं मागं पसरत गेलं. धुरपदाबाईंनी सुनेकडं बघितलं, सार्थकच्या बरगड्यांकडं बघितलं. त्यांनी नातवाला उचललं, उघड्या अंगानंच छातीशी धरलं, खांद्यावरची शाल ओढून काढली आणि वर्षाताईंच्या हातात कोंबली.

"बघताय काय? उद्यापास्नं ह्याला कवा आणायचा ते सांगा. आन् ही शाल नीट घडी घालून ठेवा. दिवाळीच्या आत परत लागंल मला."

"आजी, दिवाळी आत्ताच झाली."

"म्हंजी पुढची!" धुरपदाबाई खेकसल्या. "सोताचा नातू भरवायचाय, म्हैस न्हाई."