कार्मेनचा जुळा हिरो

आखातातल्या रुवी गावात, बिलकीसच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी कोरियन मालिका लागे. बोलणं कोरियन, खाली ओळी अरबी. बिलकीस रत्नागिरीची. लहानपणी कुराण शिकल्यामुळे तिला अरबी वाचता येई, पण अर्थ कळत नसे. शेजारची कार्मेन वसईची. हॉटेलात रिसेप्शनवर काम केल्यामुळे तिला अरबी ऐकून समजे, पण अक्षर वाचता येत नसे. म्हणून बिलकीस मोठ्याने वाची आणि कार्मेन अर्थ सांगे. दोन अर्ध्यांची बेरीज एक व्हायला हवी होती.

ती झाली नाही, कारण कार्मेनचं अरबी किल्ली, खोली, बिल आणि उद्या एवढ्यावरच संपत होतं. पण तिचा नवरा टेरेन्स दूर सोहार शहरात कामाला, घरी यायचा तो सुट्टीपुरता. इतर संध्याकाळी फ्रीजची घरघर ऐकत बसण्यापेक्षा बिलकीसचा सोफा आणि आल्याचा चहा बरा होता. 'मला समजत नाही' म्हटलं तर तो सोफा जाईल, ही तिला धास्ती. मग 'किल्ली' ऐकू आली की ती नायिकेला खोलीत कोंडून टाकी आणि उरलेलं चित्रावरून जुळवी.

खरी अडचण हिरो पुलावरून समुद्रात पडला तेव्हा आली.

"काय झालं गो?" बिलकीसने विचारलं.

"मेला."

बिलकीस ओढणी डोळ्यांना लावून रडली. दुसऱ्या दिवशी हिरो दवाखान्यात बसून सूप पीत होता.

"अगो, हा तर मेलेला!"

"हा तो नाही, भाभी. हा जुळा भाऊ."

"मग ती मिठी कशी मारते त्याला?"

"तिला कुठे माहीत आहे? फसवतोय तिला."

एकदा हे गृहीत धरल्यावर पुढचं आपोआप निघत गेलं. त्याने औषध दिलं, ते विष. अंगठी दिली, ती चोरीची. रडला, ते नाटक. बिलकीसचा जीव तुटत होता. तिचा नवरा मजीद एकदा दुकानातून येताना सहज गजरा घेऊन आला, तर तिने दारातच विचारलं, "गजरा? कशाला? काय केलंत?" मजीदने परत गजरा आणला नाही.

बिलकीसला कार्मेनचं फार कौतुक. शेवटच्या भागाला तिने समोसे तळले, वरच्या मजल्यावरच्या श्यामलाला बोलावलं, आणि घरमालकाच्या सुनेलाही. ही सून, सफूरा, शाळेत अरबी शिकवायची आणि हिंदी छान बोलायची.

"सफूरा, हमारी कार्मेन का अरबी सुनो," बिलकीस अभिमानाने म्हणाली. कार्मेनने हातातला समोसा परत ताटात ठेवला.

मालिका सुरू झाली. बिलकीसने खड्या आवाजात वाचायला घेतलं. सफूराच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ये क्या पढ़ रही हो?"

"जो लिखा है."

"ये तो नहीं लिखा!"

कुराणात अक्षरांच्या वर-खाली उच्चाराच्या खुणा असतात, टीव्हीवरच्या ओळींना नसतात. इतके दिवस बिलकीस उच्चार अंदाजाने लावत होती, आणि ओळ लवकर गेली तर उरलेली जागा आधीच्या ओळीने भरत होती. तिने मान खाली घातली.

"और आपने इसका मतलब क्या बताया?" सफूरा कार्मेनकडे वळली.

उत्तर श्यामलाने दिलं; बिलकीसने तिला आधीची सगळी गोष्ट सांगून ठेवली होती. "जुड़वाँ भाई ज़हर दे रहा है."

"जुड़वाँ? लड़का तो एक ही है! पुल से गिरा, बच गया. शुरू से उसी लड़की से प्यार करता है."

पुढचं सगळं सफूराने अचूक सांगितलं. खलनायक हिरोच्या कंपनीतला भागीदार निघाला, पोलिसांनी त्याला धरलं, दोघांचं लग्न झालं.

"बस?" श्यामला म्हणाली. "इतना ही?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्मेन दिवा न लावता घरात बसली होती. बेल वाजली. दारात बिलकीस. कार्मेनने सकाळपासून जुळवलेली माफी एका दमात सुरू केली.

"भाभी, मी ना खरं तर..."

"चल, नवी सीरियल लागली."

"पण मला अरबी येत नाही, भाभी!"

"मला तरी कुठे येतं? तू नसतीस तर ह्या परक्या गावात मी एकटी भिंतीशी बोलत बसले असते गो. अल्लाने शेजार चांगला दिला."

कार्मेनने चपला शोधल्या. "सफूरा येणार आहे?"

"तिला नको. तिला सगळं समजतं." बिलकीसने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. "आणि ह्या वेळी मी जरा हळू वाचते. तुला विचार करायला वेळ मिळेल."