दिघेकाकांची ठिपक्यांची मिरची

सुदामा नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या दिघेकाकांना डाग पडलेलं पान दिसलं की आनंद होतो. कुणाच्याही कुंपणातून हात घालून ते पान उलटंपालटं करतात, खिशातलं भिंग लावतात आणि घरमालकाला हाक मारतात, "मुबारक हो भिया, झाड लढतंय!" घरमालक बिचारा ते पान तोडून टाकायच्या बेतात असतो. एकदा एका बाईंनी कात्री आणली, तर काका सरळ कुंडीला मिठी मारून बसले.

काका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले, पण तास काही संपला नाही. मी नोकरीसाठी पुण्याहून इथे आलेली. संध्याकाळी अंगात त्राण नसताना घरी यावं, तर हे फाटकात उभे. "सुन बेटा. बुरशी ज्या पेशीत घुसते ना, ती पेशी ऑक्सिजनचा तेजाब बनवते. जखमेवर टाकलं की फसफसतं ते औषध, तसलंच. जहरच समज! त्यात बुरशी मरते, पेशीपण मरते, बाकीचं पान बचतं. डाग म्हणजे काय? शहीद!" मी "हो काका, हो काका" करत पर्समध्ये किल्ली शोधायची. देवाशपथ सांगते, त्यातलं "ऑक्सिजन" आणि "जहर" एवढंच माझ्या डोक्यात शिरायचं.

त्यांच्याकडे एक मिरची होती. बुटकी, वेडीवाकडी, पानोपानी तपकिरी ठिपके. गल्लीतल्या इतरांच्या मिरच्या रोगाने गेल्या तरी ही टिकायची, म्हणून काका दरवर्षी तिचंच बी धरायचे. यंदा ती नुकती फुलावर आली होती आणि काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. काका-काकू मुलाकडे भोपाळला गेले आणि कुंडी माझ्या दारात ठेवून गेले. "फक्त पाणी. और कुछ नहीं करना."

पण मला ते ठिपके बघवेनात. काका परत येतील तेव्हा झाड कसं टवटवीत दिसलं पाहिजे! मग मी माझं डोकं चालवलं. ऑक्सिजनचं जहर चढलंय ना, उतरवू या. आमच्या ऑफिसात सगळ्या जणी ॲंटिऑक्सिडंट म्हणून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या पाण्यात टाकून पितात. मी त्याच विरघळवून सकाळ-संध्याकाळ फवारल्या. आठवड्यात ठिपक्यांचे चट्टे झाले. काका यायच्या दिवशी झाड काळं पडून आडवं झालेलं.

मी रडत रडत सगळं कबूल केलं. काकांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं. "अरे, ज्या हत्याराने ते लढत होतं, तेच तू धुऊन काढलंस की," एवढं म्हणाले आणि माझ्याकडे बघून लगेच हसले. "रोती क्यों है? डब्यात बी पडलंय भरपूर. एक्सपिरिमेंट झालं समज." माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याभराने एका रविवारी काकू अंगणात एकट्याच दिसल्या. काका कुठे गेले विचारलं, तर म्हणाल्या, "सिमरोलकडे, बसने. हा चौथा रविवार. पूर्वी तिकडच्या किसानांना त्या मिरचीचं बी दिलं होतं यांनी, कुणाकडे बचलंय का बघत फिरतात."

"पण डब्यात आहे ना भरपूर?"

"डब्यात लवंगा आहेत. होतं तेवढं बी यंदा पेरलं, उगवलं ते एकच झाड." मग जीभ चावून म्हणाल्या, "तुला सांगू नको म्हणाले होते गं."

दुपारी काका आले. पाय धुळीने भरलेले, हात रिकामे. मी फाटकातच अडवलं. "खोटं का बोललात काका?"

ते उगाचच चपला झटकत राहिले. "बेटा, मिरची मिल जाएगी कहीं ना कहीं. पण तू मनाला लावून घेतलं असतंस. मला बघून मान खाली घालून निघून गेली असतीस. सगळी गल्ली मला बघून दार लावून घेते, मला काय कळत नाही? एक तूच तर थांबतेस ऐकायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत मी त्यांचं एकदाही धड ऐकलं नव्हतं.