कोठीला आतून कडी

कोठी पाहिजे का नको, एवढीच गोष्ट होती. त्यावर मी म्हणालो, "आधी पाडव्यापर्यंत वापरून बघू, मग ठरवू." हे वाक्य मी बोललो नसतो तर माझ्याच घरात, माझ्याच दोस्तापुढं, मला हात वर करून झडती द्यावी लागली नसती.

सावकाश सांगतो. मला घाईनं सांगता येत नाही.

चौऱ्याहत्तर साली मी पिंपरीच्या एका कंपनीच्या गेटावरून रिटायर झालो. बावीस वर्षं वॉचमन. शाळेचं तोंड बघितलं नाही. अक्षरं शिकलो ती ट्रकांच्या मागं लिहिलेलं वाचून. सेंडऑफला मोठे साहेब म्हणाले, "भिवाच्या नजरेतून सुई सुटत नाही." टाळ्या झाल्या. कंपनीनं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मी मागून एक खाकी पिशवी घेतली.

या पिशवीचं सांगायला पाहिजे. सुट्टीचा भोंगा झाला की हजार माणूस गेटावर यायचं. प्रत्येकाचा डबा उघडत बसलं तर पुढच्या शिफ्टचा भोंगा व्हायचा. म्हणून पिशवीत नऊ पांढरे मणी आणि एक लाल. जाणाऱ्यानं न बघता हात घालायचा. पांढरा निघाला, घरी जा. लाल निघाला, बाजूला हो, डबा उघड, खिसे दाखव. बाईमाणसाला लाल निघाला तर तिची झडती बाईनंच घ्यायची, तीसुद्धा दार लावून. पुढं दिव्याचं मशीन आलं. बटण दाबायचं, तांबडा दिवा लागला की झडती. पिशवी बेकार झाली, मीपण बेकार झालो. आम्हाला एकाच महिन्यात काढलं, म्हणून तिला घरी आणलं.

घर थेरगावात बांधलं. दीड गुंठा जागा, तीन खोल्या. स्वयंपाकघराला लागून सहा बाय सहाचा एक कोपरा उरला. भीमराज मिस्त्री थापी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हितं काय करायचं, बाबा?"

"कोठी," माझी मंडळी, दुर्गाबाई, म्हणाली.

"माझी खाट," मी म्हणालो.

दोघं एकाच दमात बोललो. भीमराजनं थापी खाली ठेवली आणि बिडी काढली.

माझं म्हणणं साधं होतं. त्या कोपऱ्याची एक भिंत रस्त्याकडं होती. तिथं खिडकी पाडली की खाटेवर पडल्या पडल्या मला येणारा-जाणारा दिसला असता. (न दिसला तर मला झोप येत नाही. बावीस वर्षांची खोड आहे.) नाहीतर खाट मधल्या पॅसेजात. तिथं कोण उशाशी अडखळतं, कोण पायाशी. दुर्गाबाईचं म्हणणं, साखर रेशनवर, डालडा मिळंना, मिळालं तेव्हा घेऊन ठेवावं लागतं. गव्हाचा ड्रम, तांदळाचं पोतं, डाळींचे डबे, गुळाची ढेप, सगळं पायात येतंय. आत शिरून, उभं राहून, हाताला लागेल अशी कोठी पाहिजे.

मला अशी खोली पहिल्यापासून संशयाची वाटते. माणूस रिकाम्या तोंडानं आत जातो आणि भरल्या तोंडानं बाहेर येतो, असली जागा कंपनीत असती तर आम्ही तिथं दोन गार्ड ठेवले असते.

मुलगा ज्ञानदेव चिंचवडला कंपनीत आहे. तो सेकंड शिफ्टला निघाला होता. म्हणाला, "आबा, आई, तुम्ही ठरवा. माझी बस जाईल." तेव्हा मी ते वाक्य बोललो. ठरलं असं, की पाडव्यापर्यंत कोठी. पाडव्याच्या आदल्या दिवशी भीमराज येईल. कोठी कामाची ठरली तर कडप्प्याच्या फळ्या घालायच्या. नाही ठरली तर खिडकी पाडायची आणि खाट आत. निकाल मी द्यायचा. दुर्गाबाईनं मान हलवली. इतक्या लवकर मान हलवली तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

पाचव्या दिवशी गूळ कमी झाला.

थोडा नाही. ढेपीचा एक कोपराच गेला होता.

"गूळ कुठं चाललाय?" मी विचारलं.

"पोटात."

"कुनाच्या?"

"थांबा, गुळाला इचारून सांगते," दुर्गाबाई म्हणाली.

आता कंपनीत गोदामाला लाखेचं सील असतं. घरात लाख कुठली? पण ढेपीचं अंग मऊ होतं. मी त्यावर माझा अंगठा उठवला. बावीस वर्षं पगाराच्या कागदावर चाललेला अंगठा, गुळाला चालायला हरकत नव्हती. तीन दिवसांनी फडकं बाजूला करून बघितलं. अंगठा जागेवर होता. ढेप मात्र वीतभर मागं सरकली होती. मी जवळ जाऊन बघितलं. माझ्या अंगठ्यावर गेटाच्या कडीनं पडलेला एक चर आहे. या अंगठ्याला चर नव्हता. शिवाय तो बारीक होता.

तेव्हा मी पिशवी काढली आणि कोठीच्या दाराजवळ खिळ्याला टांगली. पॅसेजातली माझी खाट बरोबर समोर होती. गेट आपोआप तयार झालं.

"ह्ये काय?" दुर्गाबाई म्हणाली.

"भाईर पडताना मनी काढायचा. समद्यास्नी सारकाच कायदा."

"माझ्याच कोठीतनं मी मनी काढून भाईर पडू? आदी तुमच्या सायबाला बोलवा, मंग काढते."

मी तिला सूट दिली. (मॅनेजरची झडती आम्ही गेटावरसुद्धा घेत नव्हतो.) ज्ञानदेव कोठीत जातच नाही, त्याला ताट समोर लागतं. राहिली सून, शैला. शैला गुणाची पोरगी. पदर सावरून म्हणाली, "काढते की, मामा. त्यात काय."

पहिल्या दिवशी पांढरा. दुसऱ्या दिवशी पांढरा. तिसऱ्या दिवशी लाल.

मला जरा वाईट वाटलं, पण कायदा तो कायदा. मी दुर्गाबाईला हाक मारली, "झडती हाय, बाईची. तू घे." ती हात पुसत आली, शैलाला घेऊन कोठीत गेली, दार लोटून घेतलं. दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या.

"काय सापडलं?"

दुर्गाबाईनं नुसतीच मान हलवली. तोंड उघडलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी परत लाल. तिसऱ्या दिवशी लाल. मग रोजच लाल. आता मी बावीस वर्षांत लागोपाठ तीन वेळा लाल निघालेला एकच माणूस बघितला होता, आणि त्याच्या डब्यात पोळीखाली तांब्याची तार निघाली होती. मणी खोटं बोलत नाही. शैलाकडं बघायचा माझा डोळा बदलला. ती चहा ठेवायला वाकली तरी मी तिच्या ओच्याकडं बघायचो. तिनं दोन वेळा विचारलं, "मामा, काही पाहिजे का?" मी म्हणायचो, "न्हाई, बघतोय." आणि झडत्या तर लांबतच चालल्या. शेवटी शेवटी अर्धा तास. एवढा वेळ मी दहा टनाच्या ट्रकला दिला नव्हता.

वर ढेप रोज लहान होत होती.

पाडव्याचा आदला दिवस उजाडला. संध्याकाळी भीमराज येणार. हातात पुरावा पाहिजे. दुपारी मी टोपी घातली, छत्री घेतली आणि मोठ्यानं म्हणालो, "दापोडीला ज्योतीरामकडं चाललो. जेवायला वाट बघू नका." ज्योतीराम माझा गेटावरचा जोडीदार. आठवड्यातून एकदा मी जातो नाहीतर तो येतो, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो, घराला वळसा घातला, मागच्या दारानं आत आलो आणि कोठीत शिरून गव्हाच्या ड्रममागं पोत्यावर बसलो. कडुलिंबाच्या पाल्याचा वास येत होता. गुडघे दुखत होते. मी चोराची वाट बघत बसलो.

जेवणं झाल्यावर दार उघडलं. शैला आणि दुर्गाबाई, दोघी.

"आत्याबाई, आज मामा घरात नाहीत. बाहेरच बसू की," शैला म्हणाली.

"नगं. आता भाईर बोललं तर बोलल्यागत वाटत न्हाई." दुर्गाबाई खाली बसली. गूळ फुटल्याचा आवाज आला. "जपून काढ. माझा अंगठा मोडंल."

"परत उठवा."

"उठीवते. सही येत न्हाई, पर अंगठा तर येतो."

मी पोत्यावरून उठणारच होतो. हात पुढं करून 'थांबा' म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात शैला म्हणाली, "संध्याकाळी मामा खिडकी म्हणाले तर?"

नुसता गूळ चघळल्याचा आवाज.

"म्हनू देत. घर त्यांनी बांदलंय," दुर्गाबाई म्हणाली. "पर शैला, बावीस वर्सं त्यो मानूस गेटावर हुता आन म्या घरात मोकळी हुते. शेजारनीशी बोलायची, भांडायची, एकटीच गानं म्हनायची. आता गेटच घरात आलंया. मी भाईर पानी टाकलं तरी इचारत्यात, कसलं पानी."

"मामा वाईट नाहीत हो."

"वाईट असते तर भांडले असते. चांगल्या मानसाशी भांडताबी येत न्हाई. नुसते गप बसून बघत्यात." परत गूळ फुटला. "ह्या कोठीत दाना नसला तरी चालंल मला. दार पायजे. तुझ्याशी दोन शब्द बोलाय एक दार पायजे."

मी परत पोत्यावर बसलो.

मग दोघी शैलाच्या माहेरचं बोलल्या, कुणाच्या लुगड्याचं बोलल्या, ज्ञानदेव झोपेत मशीनचा आवाज काढतो त्यावर हसल्या. दुर्गाबाई तशी हसलेली मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. (ऐकायला नको होती, हेही खरं.) नंतर दोघी उठल्या, बाहेर गेल्या आणि बाहेरून कडी लावली.

आता हाक मारावी तर सगळं ऐकलं हे कळणार. न मारावी तर बाहेर कसा येणार? मी विचार करत राहिलो. विचार माझा हळू चालतो. भूक लागली, तेव्हा थोडा गूळ घेतला. गुळाबरोबर शेंगदाणे घेतले. किती वेळ काढायचाय ते माहीत नव्हतं, म्हणून थोडे बंडीच्या खिशात ठेवले. मग पोत्यावर आडवा झालो. आत गार होतं. उशाशी कुणी अडखळत नव्हतं, पायाशी कुणी अडखळत नव्हतं. रिटायर झाल्यापासून इतकी चांगली झोप मला लागली नव्हती.

जागा झालो तो बाहेरच्या गलक्यानं.

"माझ्याकडं न्हाई आला," ज्योतीरामचा आवाज. "मीच हिकडं आलोय. भिवा कुठंय?"

"दापोडीला गेलेत की तुमच्याकडं. दुपारीच गेले," शैला म्हणाली. आवाज घाबरा होता.

"वाटंत कुठं बसला असंल," भीमराज म्हणाला. "म्हातारा मानूस."

"चालत गेलं असतील," दुर्गाबाई म्हणाली. "उन्हाचं. शैला, दादांस्नी गूळपानी दे, मंग भीमराजला घेऊन मी जाते बघाया."

आणि कडी निघाली.

मी उभा होतो. गालावर पोत्याची वीण उठली होती, मिशीला गूळ होता, काखेत छत्री होती. दारात चौघं. मी म्हणालो, "स्टॉक बघत हुतो."

दुर्गाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग ढेपीकडं बघितलं. मग शांतपणे खिळ्यावरची पिशवी काढून माझ्यापुढं धरली.

"काढा."

"अगं, मी…"

"समद्यास्नी सारकाच कायदा."

मी हात घातला. मणी काढला. लाल.

"गड्याची झडती गड्यानं," असं म्हणत ज्योतीराम पुढं आला. बिचाऱ्याला लाज वाटत होती, पण त्याचीही अठरा वर्षं गेटावर गेलीत; हात आपोआप चालतात. उजव्या खिशात गुळाचा खडा निघाला. डाव्या खिशात दोन मुठी शेंगदाणे. टोपीतही चार निघाले. ते कसे गेले, मला खरंच माहीत नाही.

भीमराजनं घसा खाकरला. "मंग बाबा, खिडकी का फळ्या?"

"फळ्या," मी म्हणालो.

दुर्गाबाईच्या कपाळावर आठी पडली. बेचाळीस वर्षं संसार झालाय, मी एवढ्या झटक्यात काही कबूल करत नाही, हे तिला ठाऊक आहे. "कवापासनं आत हुता?"

"जेवनापासनं."

शैलानं पदर तोंडाला लावला. दुर्गाबाई भीमराजकडं वळली. "तीन फळ्या घाल. आन ही भाईरची कडी काढ, आतनं बसीव."

भीमराज दाराकडं बघत राहिला. "काकी, एवडी घरं बांदली, पर गुळाला आतनं कडी लावताना म्या कुनाला बघितलं न्हाई."

"बसीव तू," मी म्हणालो.

पाडव्याला गुढी उभारली आणि माझी खाट मी स्वतःच पॅसेजातून उचलून पुढच्या ओट्यावर टाकली. तिथून सगळा रस्ता दिसतो, आणि स्वयंपाकघरातलं काही ऐकू येत नाही. कोठी घरात असावी का, असं आता कुणी विचारलं तर मी सांगतो, जरूर असावी. कशासाठी, ते सांगत नाही.

पिशवीचं मात्र मनातून जाईना. शैलाला रोज लाल निघाला, तो तिच्या गुळाचा दोष म्हणू. पण मला पहिल्याच हाताला लाल? धुऊन ठेवावी म्हणून ओट्यावर बसून मी पिशवी उलटी केली.

दहाच्या दहा लाल. शैलाची एक लाल माळ मागं तुटली होती, तिच्यातलेच असणार. नऊ पांढरे पुढं एका आठवड्यानं शेंगदाण्याच्या डब्याच्या तळाशी सापडले.

पिशवी इतके दिवस माझ्या खाटेपासून तीन हातांवर टांगलेली होती. साहेब सेंडऑफला म्हणाले होते, भिवाच्या नजरेतून सुई सुटत नाही. सुई नसेल सुटली, साहेब. मणी सुटले. नऊ.